फोनमधले भाऊ

यंदा भाऊबीजेला दादा आला न्हाई. माझा सख्खा भाऊ, एकुलता एक. लग्न होऊन मी इकडं डोंगरकड्याच्या बाजूला आले तवापासून त्यानं एक भाऊबीज चुकवली न्हाई. एका साली पायाला प्लास्टर होतं, तरी माझ्या माहेराहून, पुसेगावाहून, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला आणि पाटावर पाय लांब करून बसला. असा माणूस यंदा आला न्हाई, फोनबी उचलला न्हाई. माझ्या पोरीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं. नवरीच्या मागं मामा उभा राहायचा असतो. तो उभा राहणार का न्हाई हेच मला कळेना. आणि हे सगळं कशानं झालं, तर लोकांनी मला प्रेमानं पैसे दिले म्हणून. हसू नका, बराबर सांगते.

आमच्या घरी शेळ्या-मेंढ्या हायत, थोडी जमीन हाय. शेळ्या माझ्याकडं. तोंड माझं आधीपासूनच फाटकं, आणि शेळ्यांना तर मी माणसागत बोलते. "काहून गं भवाने, काल त्याच कुंपणात अडकलीस, आज परत? तुझं माहेर हाय व्हय तिथं?" असं आपलं दिवसभर चालू. एका दुपारी पोरीनं ते फोनमध्ये धरलं आणि दिलं टाकून. मला सांगितलंसुद्धा न्हाई. पुढं एकदा मी किराणा आणायला गेले तर दुकानदार म्हणतो, "काकू, शेळीचं माहेर सापडलं का?" मला काही सुधरेना. घरी येऊन पोरीला असा दम भरला का विचारू नका. तर त्या शहाणीनं तेबी धरलं, आणि लोकांना ते शेळीपेक्षा जास्ती आवडलं.

पुण्याचे, मुंबईचे, कुठले कुठले लोक लिहायला लागले. "काकू, मलाबी असंच रागवा." मी म्हणले, यांना काही कामधंदे न्हाईत का? मग एकानं लिहिलं, आई गेल्यापासून मला असं कोणी बोललंच न्हाई. पोरीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी हातातली पेंढी खाली ठेवली. त्या दिवसापासून दुपारी शेळ्या लिंबाखाली बसल्या का पोरगी फोन लावायची आणि मी लोकांशी बोलायची. लाईव्ह म्हणतात त्याला.

पोरीनं व्हिडिओच्या कोपऱ्यात माझ्या नंबरचा स्कॅनर चिकटवला. आपल्या चहाच्या टपरीवर असतो ना, पैसे टाकायचा, तसाच. मी म्हणले, "मी काय देवळाच्या पायरीवर बसले व्हय?" तर म्हणे, "आई, कोणाला जबरदस्ती हाय का? ज्याला वाटंल तो दील. सगळेच लावतात."

आणि एका दुपारी फोन टिंग वाजला. पोरीनं नाव वाचलं. गड्याचं नाव, लांबच्या गावचा.

"आई, यानं तुला पैसे पाठवले."

"काहून? दूध नेलं का त्यानं?"

"न्हाई गं. तू आवडलीस म्हणून."

सासूबाई बाजेवर पडल्या होत्या, त्या ताडकन उठून बसल्या. "परका गडी आवडली म्हणून पैसे दितो, आणि तू घेतीस? त्याला काय म्हणतात ठाव हाय ना तुला?" मला ठाऊक होतं. तमाशात फेटेवाले नोटा उडवतात, त्याला दौलतजादा म्हणतात. त्यांनी तो शब्द काढला न्हाई, मीबी न्हाई. पोरगी बिचारी लाल झाली.

"वापस कर," सासूबाई म्हणल्या. पोरगी म्हणली, आजी, नुसतं नाव दिसतं, वापस कसं करायचं? बरं, त्या माणसानं काही वाईट लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, शेळ्यांना सरकीची ढेप घ्या. सासूबाईंनी थोडा इचार केला, मिश्री लावली, थुंकून आल्या आणि निकाल दिला. "परक्याचा पैसा घेता येत न्हाई. भावाचा घेता येतो. ओवाळ त्याला. ओवाळलं का तो भाऊ झाला, मग घे."

झालं. पाट मांडला. पाटावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन. मी ताट घेऊन आले तर सासूबाई म्हणतात, "बोडक्या डोक्यानं ओवाळत असतात व्हय? टोपी घाल त्याला." पोरीच्या बाबांची टोपी आणून फोनला घातली. टोपीनं कॅमेरा झाकला, लोकांना नुसता अंधार दिसायला लागला. मग ती मागं सरकवली. मी काचेला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, आरती ओवाळली. पोरगी ओरडती, "आई, अक्षता आत जातील, चार्जिंगच्या भोकात!" सासूबाई म्हणतात, "तू गप, भावाला लागायच्याच." त्या माणसाचं नाव मी मोठ्यानं घेतलं. खरं सांगते, मला त्यात काही गैर वाटलं न्हाई. आजबी वाटत न्हाई.

तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. मग काय, रोज टिंग टिंग. ज्याला त्याला ओवाळून घ्यायचं. एकेकाला किती ओवाळणार? मग आम्ही आठवड्याचा वार धरला. पोरगी नावं लिहून द्यायची, मी वाचायची आणि ओवाळायची. बायाबी पाठवायला लागल्या. त्यांना ओवाळता येत न्हाई, म्हणून त्यांना हळदीकुंकू. नाशिककडची एक बाई म्हणली, माझ्या नावानं लावा ना, सासर-माहेर दोन्हीकडं कोणी उरलं न्हाई. फोनचं तोंड असं लाल व्हायचं का पोरगी पुसता पुसता रडकुंडीला यायची.

पैशाचं म्हणाल तर गोठ्यावर पत्रे आले, पोरीच्या बाबांच्या गुडघ्याचा इलाज झाला. पैसा कोणाला कडू लागतो? मी काही साधूबुवा न्हाई.

पण त्यात तकलीफबी होती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. एक जण होता, त्याची बहीण गेलेली. तो दर वेळी टाकायचा आणि काही लिहायचा न्हाई, नुसतं "ताई" एवढंच. त्याचं नाव वाचलं का मी आरती दोनदा फिरवायची. आणि दुसरा एक निघाला, त्यानं लिहिलं, "ताई, एवढे टाकले, आता एक ठुमका होऊन जाऊ द्या." सासूबाईंचा निकाल त्याला लागू पडला न्हाई. मी त्याला असं झोडपलं, त्याच्या आईपासून बाईपर्यंत काही ठेवलं न्हाई. आणि काय सांगू, त्या दिवशी जेवढी ओवाळणी पडली तेवढी कधी पडली नव्हती. लोक खूश. "वा ताई, अजून!" मी घरात जाऊन बसले. मला खराखुरा राग आला होता हो. आणि लोकांनी त्या रागाला पैसे टाकले. मला वाटलं, आता मी चिडले तरी खरी चिडले का पैशासाठी, हे माझं मलाच कसं कळावं? पोरीला इचारलं तर म्हणती, "आई, तू लई इचार करतीस."

मग भाऊ रुसायला लागले. "ताई, मी दर वेळी टाकतो, मागच्या वेळी माझं नाव घेतलं न्हाई." "ताई, त्याला दोनदा ओवाळलं, मला एकदाच." घरात एक भाऊ असला तर त्याचं रुसणं काढताना जीव जातो, इथं गावभर झालेले. मी पोरीला म्हणायची, हा स्कॅनर काढ. ती म्हणायची, काढते. पुढच्या दुपारी तो तिथंच असायचा. आणि खरं बोलायचं तर मीबी परत म्हणत नव्हते.

दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या फोनवर तो बाजारभाव बघतो आणि पैशाची देवघेव करतो, बाकी काही न्हाई. उन्हाळ्यात तो हळद इकायला हिंगोलीच्या मोंढ्यात गेला. तिथं कोणीतरी त्याला ओळखलं, तो आमच्याकडं आलेला असताना एका व्हिडिओत मागं दिसला होता आणि पोरीनं त्याला मामा म्हणून हाक मारली होती. "आरे, तुमी त्या शेळ्यावाल्या ताईचे भाऊ ना? मग आपण भाऊ-भाऊ झालो की! आमीबी ओवाळणी टाकतो." सगळे हमाल, मापाडी, गाडीवाले हसले. इथपर्यंत ठीक होतं. मग एक जण म्हणला, "तुमी साल-सहा महिन्याला दिता, आमी रोज दितो." दादा हसला न्हाई. वजनकाटा होऊन हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत तो हळदीच्या पोत्यावर खाली मान घालून बसला होता.

हे मला वहिनीनं फोन करून सांगितलं, त्याला कळू न देता. "ताई, ते धड जेवून न्हाई राहिले," ती म्हणली. दोन-चार दिवसांनी दादाचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही न्हाई.

"बाई, तुला काही कमी पडलं होतं तर मला सांगायचं होतं."

"कमी पडलं म्हणून न्हाई रे दादा. लोक प्रेमानं देतात."

"मग मी काय रागानं देत होतो?"

 बोलायला सुचलं न्हाई का मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी म्हणले, "तुझं आपलं काहीतरीच. लोकांचा पैसा लोकांनी कोणाला द्यायचा हे तू ठरवणार का?" त्यानं फोन ठेवला.

आता मी त्याची बाजू सांगते, कारण ती मला कळते. आमच्याकडं भावाची ओवाळणी म्हणजे पैसा नसतो. सासरच्या लोकांनी बघावं का हिच्या मागं माणूस हाय, म्हणून भाऊ येतो. साडी साधी का असंना, तो दारात उभा राहिला का सासूचा आवाज दोन दिवस खाली राहतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मला त्याच आवाजाचा लई त्रास होता, आणि दादा आला का तो थांबायचा. दादा नुसता येऊन बसायचा. अशा माणसाला मोंढ्यात चारचौघांत ऐकावं लागलं का तुझ्या बहिणीला आमी पोसतो. पण माझी बाजूबी हाय ना? मी कोणापुढं पदर पसरला? मी दादाला सोडून दुसरा भाऊ केला व्हय? ते तर सासूबाईंनी पैसा धुऊन घ्यायला काढलेला मार्ग होता. पण लोकांनी तो खरा धरला, आणि दादानंबी खरा धरला. तो लटका हाय हे फक्त माझ्याच घरात ठाऊक होतं.

आणि त्यात माझ्या तोंडानं घाण केली. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा लाईव्हवर कोणीतरी इचारलं, ताई, मामा कोण? मी हसत हसत म्हणले, "एवढे भाऊ हायत, मामाला काय तोटा? सगळे या, लाइनीत उभे राहा!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक लोळले हसून. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवला. तो दादापर्यंत गेला असंल का, हे इचारायचीबी गरज नव्हती. अशा गोष्टी पोचवायला लोक चप्पल न घालता पळतात.

म्हणून भाऊबीजेला तो आला न्हाई. सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. फोन तर नुसता ओरडत होता, सणाचा दिवस, सगळ्या फोनमधल्या भावांना आजच ओवाळून घ्यायचं. पोरगी म्हणली, आई, लोक थांबलेत. सासूबाई म्हणल्या, "आधी सख्खा, मग बाकीचे." दुपार झाली, शेळ्या येऊन बसल्या, उन्हं उतरली. शेवटी मी फोनपुढं गेले, पण त्याला पाटावर ठेवू दिलं न्हाई. खताच्या रिकाम्या पोत्यावर ठेवला. ओवाळताना माझं ध्यान रस्त्याकडं. लोकांना ते कळलं न्हाई. एकानं लिहिलं, ताई आज किती शांत, किती छान. मला त्याच्या तोंडावर ताट फेकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ताटाचं सामान पिशवीत घेतलं आणि निघाले. पोरीचे बाबा म्हणले, मी येऊ का? मी म्हणले, नको, हे माझं हाय. हिंगोलीला गाडी बदलायची होती. स्टँडवर एक बाई धावत आली, "शेळ्यांना रागवता त्या तुमीच ना?" तिच्या नवऱ्यानं फोटो काढला आणि तिनं माझ्या मुठीत नोट कोंबली, नको नको म्हणता. मी कोणाकडं चालले हे तिला काय माहीत? ती नोट मुठीतच राहिली पुसेगाव येईपर्यंत. उतरल्यावर मी ती पिशवीच्या तळाशी घातली.

दादा अंगणात पाइपाचे तुकडे जोडत बसला होता. मला बघून उठला. "ये बाई," म्हणला. वहिनीला म्हणला, "पाणी दे हिला." मला वाटलं होतं ओरडंल, न्हाई तर तोंड फिरवून शेतात जाईल. त्यातलं काही केलं न्हाई. चहा झाला. शेळ्यांचं इचारलं, सोयाबीनचं सांगितलं. फोनचं नाव न्हाई, लग्नाचं नाव न्हाई. वहिनी माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं.

शेवटी मी म्हणले, "दादा, बस पाटावर."

तो मुकाट्यानं उठला, हातपाय धुऊन आला, टोपी घालून बसला. आगं माय, मला किती हलकं वाटलं! कुंकू लावताना माझ्या डोळ्यांतून पाणीच. त्याच्या कपाळावरचे केस पांढरे झालेले मी तेव्हा बघितले. सुपारी ओवाळली, आरती ओवाळली. मनात म्हणत होते, एवढं झालं का लग्नाचं बोलते, हात धरून बोलते. आणि ताट त्याच्यापुढं धरलं.

दादानं खिशातून फोन काढला. चष्मा लावला. बोटानं हळूहळू काहीतरी दाबत बसला. मी ताट धरून उभी. मग माझ्या पिशवीत फोन वाजला. टिंग.

ताट रिकामं होतं.

"वाच की आता," दादा म्हणला. "सगळ्यांचं नाव वाचतीस. माझंबी वाच."

"दादा, काहून असं करतूस?"

"मी काय वावगं केलं? तुला चालतं तसंच दिलं." आवाज चढला न्हाई. तो माझ्याकडं बघत नव्हता, ताटाकडं बघत होता.

वहिनी म्हणली, "आवं, सणासुदीला हे काय काढलं?" त्यानं तिला हातानंच थांबवलं.

मी म्हणले, "लग्नाला येशील ना? पोरीच्या मागं कोण उभं राहील?"

"येईन ना. सगळे येऊन राहिले, मीबी येईन. तू म्हणलीस तसं लाइनीत उभा राहीन. पण आधी नाव वाच."

मला त्याचा राग आला. खरंच आला. आणि रडूबी आलं, दोन्ही एकदमच. ताट खाली ठेवलं, पिशवीतून फोन काढला. त्यावर त्याचं सगळं नाव होतं. त्याचं, मधी बापाचं, मागं आडनाव. लग्नाआधी माझ्याबी नावात तोच बाप होता आणि तेच आडनाव. किती वर्षांत मी ते तोंडानं म्हणले नव्हते. मी वाचलं, मोठ्यानं, सगळ्यांचं वाचते तसं.

नाव वाचल्यावर मी दर वेळी एक वाक्य म्हणते, ते सासूबाईंनीच शिकवलेलं हाय. "आजपासून तुमी माझे भाऊ." दादाला ते ठाऊक होतं. तो पाटावरून उठला न्हाई. ते ऐकायला थांबला होता.